पाट्यावरचं वाटण

नाथूबाबांची नि माझी ओळख झाली ती मी त्यांच्यावर ओरडतानाच. पोलादपूरच्या एका दवाखान्यात मी नर्स आहे, आणि पेशंट उशिरा आणणाऱ्यांना मी सोडत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून आलेल्या नऊ वर्षांच्या नातीला, सलोनीला, ते जीपमधून घेऊन आले; मुलगा नि सून सोबत होते. पोरीचे ओठ सुजलेले, अंगभर गांध्या, श्वासाला घरघर. वर घोंगडी गुंडाळलेली नि अंगाला आमसुलाचा वास!

"पित्त उठलं व्हतं बाय," म्हातारा म्हणाला. "आमसूल चोळलं, घोंगडी घातली. उतरतं नेहमी."

त्यात अर्धा तास गेला होता. डॉक्टरबाईंनी मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. थोड्या वेळानं पोरीनं आईला हाक मारली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

मग सून ज्योती सासऱ्यावर उलटली. "हिला खेकड्यानं तोंडाला खाज सुटते, देऊ नका म्हणून बजावलं होतं मी. तुम्ही चोरून भरवलात, बाबा."

"नाय गो. बोट पन लावू दिलं नाय तिला."

खरं सांगते, मलाही ते थापा मारतायत असंच वाटलं. जीपवाला सांगत होता, डोंगरावरच्या त्यांच्या वाडीत खेकडे पकडावेत तर नाथूबाबांनीच. बायको भागूबाई गेल्यापासून रांधतातही तेच. असा माणूस नातीच्या ताटात हात आखडता घेईल होय?

"पुन्हा हिला गावाला आणायची नाही," ज्योती म्हणाली. म्हातारा खाटेच्या पायाशी उभा राहून घोंगडीची घडी घालत राहिला. ती घडी काही केल्या नीट होईना.

पोरगी काय जेवली ते सगळे सांगत होते. डॉक्टरबाईंनी ते कसं शिजवलं ते विचारलं. आदल्या दिवशी मुलगा अनिल याच्यासाठी खेकड्यांचा रस्सा केला होता. सलोनीचं पातेलं वेगळं, डावसुद्धा वेगळा. आज सकाळी तिला नुसती भाकरी नि खोबऱ्याची चटणी.

"रश्श्यासाठी खेकड्याचे बारके पाय वाटता ना? कशावर?"

"पाट्यावर."

"आणि चटणी?"

"त्येच्यावरच," नाथूबाबा म्हणाले. पाटा त्यांनी धुतला होता. पण टाकी मारून खाचा पाडलेला खरबरीत दगड तो, खाचांत किती राहिलं कुणी पाहिलंय? "माज्याच हातानं," एवढंच म्हणाले नि रडले. मला माझ्या संशयाची लाज वाटली.

पुढे मुंबईच्या तज्ज्ञांनी सलोनीच्या हातावर टोचून तपासणी केली. खेकडा, कोळंबी, दोन्ही कायमची बंद. डॉक्टरबाईंनी इंजेक्शनची पेटी लिहून दिली. तिच्या वजनाप्रमाणे किती भरायचं त्याची खूण सिरिंजवर करून दिली.

महिन्याभरात नाथूबाबा एकटेच खाली उतरून आले. "मला सुई शिकवा." घरात खेकडा शिजवणं त्यांनी बंद केलं होतं. भागूबाईंच्या लग्नातला पाटा, ज्याची अनिलच्या पाचवीला पूजा झाली होती, तो शेजारच्या ठकूबाईंना देऊन टाकला होता. अक्षरओळख नाही, हाताला कंप. मी चिडचिडत, पण शिकवलं. दर मंगळवारी यायचे, परसातला एक दुधी घेऊन. टोचून टोचून त्या दुध्यांची चाळण करून टाकली आम्ही!

मे महिन्यात अनिल आणि ज्योती सलोनीला घेऊन चार दिवसांसाठी आले. मनाविरुद्धच, ते ज्योतीच्या चेहऱ्यावर दिसत होतं. परत जाताना सगळे दवाखान्यात डोकावले. सलोनी आजोबांचा हात सोडेना. तिला सुट्टीभर राहायचं होतं. नाथूबाबांनी एका शब्दानं आग्रह केला नाही.

ज्योतीनं विचारलं, "बाबा, हिला पुन्हा तसंच झालं तर?"

"आडवी करायची, पाय उंच. दम लागला आसंल तर टेकवून बसवायची. मांडीच्या भायेरच्या अंगाला सुई, कपड्यावरून बी चालतं. मग गाडी बोलवायची. उठवायची नाय, चालवायची नाय. बरं वाटलं तरी हिकडंच आणायची."

"आणि आधी आमसूल?"

"नाय. आधी सुई."

ज्योतीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तिनं पर्समधून पेटी काढून सासऱ्यांच्या हातात दिली, वाकून त्यांच्या पाया पडली, आणि अनिलबरोबर वीर स्टेशनवर गाडी पकडायला निघून गेली. सलोनीला आजोबांपाशी ठेवून.