रायफल अंगाला बसवणारा माणूस

हॉर्नबी या आमच्या उपनगराच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसाला रायफल घ्यायची हुक्की आली की तो दुकानात नंतर जातो, आधी चंद्रशेखर करंदीकरच्या गराजमध्ये जातो. पुण्या-मुंबईहून आलेल्या आमच्या आयटीवाल्यांना आणि इंजिनिअरांना इथे थोडी वर्षं काढली की काहीतरी किवी करून बघावंसं वाटतं. कोणी गळ टाकून बसतो, कोणी बोट घेतो आणि ती ड्राइव्हवेत ठेवून पुसत राहतो. थोडे जण लायसन्स काढतात आणि शनिवारी रेंजवर जाऊन कागदावर गोळ्या मारतात. फक्त कागदावर. घरात गणपती बसतो, म्हणून जीव घ्यायचा नाही, असं ते कोणी न विचारताच सांगतात.

मीही त्यातलीच. नवऱ्यापासून वेगळी झाले आणि शनिवार अंगावर यायला लागला. तेव्हा नीता म्हणाली, आमच्याबरोबर रेंजवर येत जा. नीता म्हणजे चंद्रशेखरची बायको, माझी इथली सगळ्यात जुनी मैत्रीण. ती स्वतः रेंजवर गाडीत बसून विणकाम करायची. बंदुकीला तिने कधी हात लावला नाही. स्कोपला ती अजूनही दुर्बीण म्हणते.

चंद्रशेखरचं काम बघण्यासारखं होतं, हे मी आधीच कबूल करते. तो तुम्हाला गराजमधल्या स्टुलावर बसवायचा आणि रिकामी रायफल हातात द्यायचा. डोळे मिट, खांद्याला लाव, गाल टेकव, आता उघड. उघडल्यावर डोळा बरोबर स्कोपच्या मधोमध आला, तर रायफल तुमची. नाही आला तर दस्ता लांब किंवा आखूड, गालाखालची पट्टी खाली-वर, स्कोप थोडा पुढे-मागे, असं त्याचं चालू व्हायचं. तो म्हणायचा, रायफलने माणसाकडे यायला हवं, माणूस तिच्याकडे वाकला की खेळ संपला. दस्त्याला तो कानस अशी चालवायचा की बघत राहावं. शेवटी स्कोप रायफलीला धरून ठेवणाऱ्या कड्यांचे स्क्रू तो टॉर्क पान्याने मोजून आवळायचा आणि प्रत्येक स्क्रूवरून कडीवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढायचा. स्क्रू जरा जरी हलला तरी रेघ तुटते आणि लगेच दिसतं.

पण फुकट काही मिळत नाही. रायफल बसवून देताना तो माणसाला सोलून काढायचा. शंतनू नावाचा एक साधा मुलगा नेटवर बघून भलामोठा, पंचवीस पट मोठं दाखवणारा स्कोप घेऊन आला होता. नवी नवरी बरोबर. चंद्रशेखरने त्याला तिच्यासमोर नेम धरायला लावला, मग तिला वाकून नळीच्या टोकाकडे बघायला सांगितलं. "बघ, कसा थरथरतोय," तो तिला म्हणाला. "पंचवीस पट मोठा स्कोप घेतला ना, की आपली भीती पंचवीस पट मोठी दिसते." ती बिचारी हसली. तिला वाटलं, गंमत चाललीय. शंतनूचे कान लाल झाले. रायफल मात्र चंद्रशेखरने उत्तम बसवून दिली. शंतनू ती एकदाही रेंजवर घेऊन आला नाही.

आम्ही सगळे हे चालवून घ्यायचो. शेखरदा तोंडाने फटकळ आहे, पण मनाने चांगला, असं म्हणायचो. ज्याच्याकडून काम करून घ्यायचं असतं त्याच्या मनाबद्दल माणसं फार उदार असतात.

श्रिया ही त्याची एकुलती एक मुलगी. चार वर्षांची असताना ती पुण्याहून इथे आली. बाराव्या वर्षी त्याने तिला मांडीवर रायफल देऊन शिकवायला सुरुवात केली, आणि इथे मात्र त्याचा जीव होता. ती वाढली की दरवर्षी तो दस्त्याच्या मागे एक पातळ चकती घालायचा, गालाची पट्टी एक खाच वर करायचा. घरोघरी मुलांची उंची भिंतीवर खुणा करून मोजतात. करंदीकरांकडे ती रायफलीवर वाढली. सोळाव्या वर्षी तिला लायसन्स मिळालं तेव्हा त्याने ती पॉइंट टू-टू रायफल तिच्या नावावर केली. फक्त एक नियम होता. अवजारांना तिने हात लावायचा नाही. पाना, स्क्रू, कड्या हे सगळं बाबांचं. "तू फक्त मार," तो म्हणायचा. ती बापाचं ऐकणारी मुलगी होती. शिवाय बाप चुकत नसे.

यंदा जानेवारीत रेंजवरच्या आमच्या क्लबच्या उन्हाळी स्पर्धेत ती त्याच्या पुढे गेली. थोडीथोडकी नाही, चांगली पुढे. त्या दिवशी नॉरवेस्टर सुटला होता. इथला तो गरम वारा भल्याभल्यांच्या गोळ्या वाहवत नेतो. ती मात्र झेंड्याकडे बघत, थांबत, एकेक गोळी मधोमध ठेवत गेली. चंद्रशेखर चौपन्नचा. त्याच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरायला लागला होता आणि ते तेव्हा नीताशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात इथल्या मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता. तिळगूळ देताना प्रत्येक जण त्याला टोमणा मारून जात होता. गुरूने आता शिष्येकडून शिकावं, कोणी म्हणालं. शेखरदा आता चहा करायला लागणार, कोणी म्हणालं. तो हसत होता. श्रियाही हसत होती. अठरा वर्षांची पोर, पहिल्यांदा जिंकलेली. सगळ्यांसमोर त्याच्या गळ्यात हात टाकून ती म्हणाली, "बाबा, यू नीड न्यू ग्लासेस." त्यावर सगळ्यात मोठा हशा झाला. तो हसता हसता थांबला हे मी पाहिलं, आणि गुळाची पोळी वाढायला लागले.

मे महिन्यात साउथ आयलंडच्या ज्युनिअर टीमची निवड व्हायची होती. श्रियाला त्या टीमशिवाय काही दिसत नव्हतं. ती जाणार यात क्लबमध्ये कोणाला शंका नव्हती. टीमची ऑस्ट्रेलियात मॅच होती. तिने खोलीत कॅलेंडरवर त्या दिवसांभोवती गोल केला होता.

फेब्रुवारीपासून तिचं मारणं बिघडलं.

एक गोळी मधोमध, दुसरी वर, तिसरी डावीकडे बाहेर. स्कोप एकाच बाजूला चुकत असेल तर त्याच्यावरची खुंटी फिरवून दुरुस्त करता येतो. ह्याला काही रीतच नव्हती. ती उठून टार्गेट बघायला जायची आणि परत यायला वेळ लावायची. चंद्रशेखर तिच्या मागे उभा राहून सांगायचा, श्वास चुकतोय, खांदा कडक होतोय, आवाजाला घाबरून डोळा मिटतेयस. मंडळाच्या जेवणात तो लोकांना सांगायला लागला, "पोरीचा हात सुटला." नजर लागल्याचं कोणी म्हटलं, तर म्हणायचा, नजर नाही, डोक्यात हवा गेली. तिच्यासमोर म्हणायचा. संध्याकाळी घरी तो तिला गराजच्या फरशीवर पालथं झोपवून रिकामी रायफल शंभर शंभर वेळा चालवायला लावायचा, म्हणजे भीती मोडते. नीता म्हणाली, तिची कोपरं सोलली आहेत, पुरे आता. तो म्हणाला, तुला यातलं काय कळतं.

एका शनिवारी क्लबमधल्या एका म्हाताऱ्या मेंबरने सुचवलं की एकदा स्कोपच्या कड्या तपासून बघा, असं फाटलेलं मारणं बऱ्याचदा माणसाचं नसतं, सैल स्क्रूचं असतं. चंद्रशेखरने रायफलीवर तळहात ठेवला आणि इंग्रजीत शांतपणे सांगितलं, मी स्वतः काल तपासल्या आहेत. विषय संपला. त्याने बसवलेली रायफल दुसऱ्याने तपासायची हे आमच्या क्लबमध्ये कोणाच्या मनात आलं नसतं. श्रिया तिथेच उभी होती. ती रायफलीकडे बघत नव्हती, बापाकडे बघत होती. मला वाटलं, पोर घाबरलीय.

निवडीच्या दिवशी ती शेवटून तिसरी आली. शेवटच्या गोळीनंतर ती चटईवरून उठलीच नाही. चंद्रशेखर उकिडवा बसला, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "होतं असं. सगळ्यांनाच नाही जमत प्रेशर." मला त्याचं कौतुक वाटलं. बापाने कसं सावरलं, असं मी नीताला म्हणालेसुद्धा.

जूनमध्ये माझं लायसन्स आलं. त्याच सुमारास नीताने सांगितलं, श्रिया रायफल विकतेय. ती कॉलेजचं पुढचं सत्र वेलिंग्टनला करणार होती, राहायची सोय तिथून जवळ लोअर हटला झाली होती. मी श्रियाला विचारलं, मला देशील का. ती म्हणाली, "शुअर, मावशी. रविवारी ये."

रविवारी गेले तेव्हा गराजमध्ये हीटर लावला होता. चंद्रशेखर त्याच्या बाकाशी दुसऱ्या कोणाचा तरी दस्ता घासत बसला होता. श्रियाने माझं लायसन्स बघितलं, फोनवर बंदुकांच्या सरकारी रजिस्ट्रीत नोंद केली, रायफल उघडून रिकामी असल्याचं दाखवलं. अगदी रीतसर. मग तिने बापाच्या बाकावरून, त्याच्या कोपराजवळचा टॉर्क पाना उचलला. त्याने वर बघितलं. त्या घरात ही गोष्ट आधी कधी झाली नव्हती.

"पुढच्या कडीचे स्क्रू लूज आहेत," ती मला म्हणाली. "आता टाइट करून देते. दॅट्स ऑल. बाकी रायफल एकदम मस्त आहे."

मी म्हणाले, कधीपासून?

"फेब्रुवारीपासून."

मला कळायला वेळ लागला. मी स्क्रूवरच्या नेलपॉलिशच्या रेघेवर बोट ठेवलं. रेघ तर अखंड होती. श्रिया म्हणाली, नवीन आहे ती. बाबा आईची वापरायचे ती जुनी बाटली संपली होती, ही जरा गुलाबी आहे. स्क्रू पाव फेरा सैल करून त्यावरून परत रेघ ओढलीय. खाली जुनीचा तुकडा दिसतो बघ. मी वाकून बघितलं. दिसत होता.

गराजमध्ये त्या रंगाची बाटली एकाच माणसाच्या खणात असायची. मी चंद्रशेखरकडे बघितलं. त्याच्या हातातली कानस थांबली होती. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि म्हणाला, "नेमबाजाने स्वतःचं हत्यार तपासायला पाहिजे. हे तिला कळायला हवं होतं. तेच शिकवत होतो."

ज्या मुलीला त्याने सहा वर्षं पान्याला हात लावू दिला नाही, तिच्याबद्दल तो हे म्हणाला. मला शिसारी आली. हातातली कानस घेऊन त्याच्या त्या नाजूक बोटांवर मारावी असं वाटलं. मी सभ्य बाई आहे असं मला तोपर्यंत वाटायचं.

"कळलं होतं, बाबा," श्रिया म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "सेकंड वीकलाच कळलं. पॅक करताना रेघ बघितली."

त्याचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा पडला. "मग सांगायचं होतंस."

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

आतल्या दारात नीता चहाचा ट्रे घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने ट्रे वॉशिंग मशीनवर ठेवला आणि आत निघून गेली. चंद्रशेखर म्हणाला, "मुद्दाम चुकत राहिलीस? टीम घालवलीस?" त्याच्या आवाजात राग होता, खराखुरा. कोणीतरी त्याला फसवल्यासारखा. श्रियाने एकेक स्क्रू पान्याने आवळला, पाना जागच्या जागी ठेवला आणि रायफल पेटीत घालून माझ्या हातात दिली.

मी ती गाडीत ठेवली. श्रिया जॅन्डल्स, म्हणजे साध्या रबरी चपला, घालून थंडीत ड्राइव्हवेपर्यंत सोडायला आली. मला राहवलं नाही. मी म्हणाले, अगं, तुला माहीत होतं तर गुपचूप घट्ट करायचे होतेस. त्याला कळलंही नसतं लगेच. टीममध्ये गेली असतीस, ऑस्ट्रेलियाला गेली असतीस. स्वतःचं एवढं नुकसान का केलंस?

तिने माझ्याकडे मी काहीतरी बाळबोध विचारल्यासारखं बघितलं.

"मी घट्ट केले असते, तर त्यांनी परत सैल केले असते, मावशी," ती म्हणाली. "मग मला ते दोनदा कळलं असतं."

मग तिने गाडीचं दार लावून दिलं आणि आईला बघायला आत गेली.