अक्षरांआधी आईचं तोंड

शाळाशाळांत फिरणारी विशेष शिक्षिका म्हणून माझी नोकरी. हुशार असूनही ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, अशी मुलं मी तपासते. मुलाने काय वाचलं ते फॉर्ममध्ये भरता येतं. आई काय बोलली, त्याला रकानाच नाही. मग ते माझ्याकडे साठत जातं.

कोरपन्याची एक तिसरीतली पोरगी. आई शेजारी बसून धडा वाचून घेत होती, पण पोरगी पुस्तकाकडे बघतच नव्हती. 'मकळ' म्हणाली. आईच्या कपाळावर आठी आली, तसं लगेच 'कमळ' केलं. आई पाणी आणायला उठली तेव्हा मी विचारलं, तर हळूच म्हणाली, "अक्षर समजत नाई मॅडम. आईचं तोंड समजते."

जिवती गावात एका मुलाला नाव विचारलं. उत्तर आईने दिलं. वर्ग विचारला, आईनेच सांगितला. आवडता खेळसुद्धा!

"बाई, त्याला बोलू द्या ना," मी म्हटलं.

"तो चुकला तं तुम्ही हसान."

"मी कशाला हसू?"

पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "मले हसले होते. दुसरीत. मंग मी शाळेतच गेली नाई."

भामरागडकडच्या एका आश्रमशाळेचा रस्ता पावसाळाभर बंद होता. पाणी उतरल्यावर एका मुलीची आई चालत भेटायला आली. तिला फक्त गोंडी येते. सर मराठीत म्हणाले, "हिच्या डोक्यात काही शिरत नाही." आणि ते आईला सांगायचं कामही त्या मुलीलाच दिलं. मुलगी बराच वेळ बोलली. आईने तिच्या गालावर हात ठेवून काहीतरी विचारलं.

नंतर स्वयंपाकीणबाईंनी मला अर्थ सांगितला. "पोरगी म्हणे, सर म्हणतेत मी चांगली शिकून राह्यली."

"आणि आईने काय विचारलं?"

"मंग रडून काऊन राह्यली?"

चंद्रपूरच्या एक नर्सबाई. मुलगा सातवीत. शब्द चुकला की तो शंभरदा लिहायला लावायच्या, पुन्हा चुकला की पट्टी. मी त्यांना रिपोर्ट समजावला. "आळस नाही हा. अक्षर आणि आवाज यांची जोडी त्याच्या मेंदूत लवकर जुळत नाही."

"पहिलीतही असंच होतं का?"

"हो."

त्या उठल्या. मग बाहेर व्हरांड्यात मुलाशेजारी जाऊन बसल्या.

"चुकलं रे बाळा," म्हणाल्या.

त्याने दप्तरातून वही काढली, खोडरबर हातात घेतला.

"कोणतं अक्षर?"