आबांनी मागितलेले मऊ टायर

सायकलीचे टायर आणायला आबांनी मला बारामतीला पाठवलं, तेव्हा एवढंच सांगितलं होतं, "मऊ बघून आण. कंबर लई दणकती."

आबा म्हणजे माझे वडील. अर्धं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं आणि मेंढरं विकल्यावर पन्नाशीत ते सायकल शिकले. दगडावर पाय ठेवून बसायचे, उतरताना कुठंतरी कलंडायचे. कळस गावाबाहेरच्या आमच्या वस्तीवर घरात ही एकच सायकल. सकाळी मी ती घेऊन फाट्यावर जायचो आणि तिथून एस.टी.ने बारामतीला, टायपिंगच्या क्लासला. संध्याकाळी आबा कॅरिअरला दुधाची किटली बांधून गावातल्या डेअरीला जायचे.

वस्तीच्या वाटेवर काटे फार. ते बहुतेक मीच सांडलेले. कुंपणासाठी वेड्या बाभळीच्या फेसाट्या, म्हणजे काटेरी फांद्या, तोडून आणायच्या, तर त्या बांधाच्या कडेने आण असं आबा सांगायचे आणि मी कंटाळा करून सरळ वाटेवरून ओढत आणायचो. मग आठवड्यातून दोनदा पंक्चर. हात काळे, एस.टी. चुकलेली आणि टायपिंगच्या कागदावर माझ्या बोटांचे ठसे. सरांनी एकदा तो कागद वर्गात उंच धरून सगळ्यांना दाखवला. इस्त्रीचा शर्ट घालून मिरवणाऱ्या मला ते फार लागलं.

दुकानदाराने टायरच्या दोन जोड्या पुढे टाकल्या. एक पातळ, हाताने दाबली की दबणारी. ही चालवायला गादीसारखी, म्हणाला, पण काट्याला टिकायची नाही. दुसरी जाड, निबर. तिच्यात काटा शिरायचा नाही, पण वाटेतला प्रत्येक खडा अंगाला कळणार. सायकल कोण चालवतं, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, मीच.

घरी येऊन सांगितलं की मऊ टायर संपलेत. आबांनी बोटाने टायर दाबून पाहिला आणि रिमवर चढवायला घेतला. पुढे ते डेअरीत कौतुकाने सांगायचे म्हणे, पोरानं लई टिकाऊ टायर आणल्यात. ते ऐकून मला बरं वाटलं होतं. हे लिहायची लाज वाटते, पण खरं तेच आहे.

पंक्चर थांबलं. सर खूश, मी खूश. संध्याकाळी मी गावात कट्ट्यावर असायचो, त्यामुळे आबा डेअरीला कसे जातात ते कधी पाहिलंच नव्हतं. एकदा तापाने घरी पडून होतो. दारातून दिसलं, किटली बांधण्याआधी आबा चाकापाशी उकिडवे बसले आणि दोन्ही चाकांची थोडी थोडी हवा सोडली. अंगठ्याने दाबून बघितलं, पुन्हा जराशी सोडली. मग जड झालेली सायकल रेटत निघाले. तासाभराने परत आले, किटली विसळली आणि पंप घेऊन हवा भरायला लागले. चारदा पंप मारायचा, कमरेवर हात ठेवून सरळ व्हायचं, पुन्हा वाकायचं.

मी बाहेर जाऊन विचारलं, हे रोज करता का?

"व्हय. हवा कमी आसली की जरा मऊ चालती," आबा म्हणाले. "पर तुला सकाळी कडक लागती न्हवं, गाडी गाठायची आसती."

मी त्यांच्या हातून पंप घेतला. ते ओट्यावर टेकले, कंबर चोळत बसले. मग म्हणाले, "त्या दुकानात परत इचारून बघ की. मऊ टायर आलं आसत्याल आता."

"इचारलं," मी मान खाली घालून पंप मारत म्हणालो. "आजून आलं न्हायत."

तेव्हा खरं सांगता आलं असतं. आबा रागावलेही नसते. पण मला उद्याची एस.टी. गाठायची होती.