दारातली सदाफुली, सुईतली सदाफुली

घरात कुणाला कॅन्सर झालाय, डॉक्टरांची औषधं चालू आहेत, आणि तरीही तुम्ही डॉक्टरांना न सांगता त्या माणसाला कुठल्या तरी पानांचा काढा पाजलाय का? खरं सांगा. मी ओरडणार नाही. आमच्या घरात हे झालं, आणि आमच्याच पत्रकामुळे झालं.

आमचं घर भोरचं. बाबा कचेरीत कारकून, आणि कचेरी सुटली की पत्रकं लिहिणारे. नवसांविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, धरणात जमीन गेलेल्यांच्या बाजूनं. ते लिहायचे, प्रेसवाले चाचा छापायचे आणि शाई पुरती वाळायच्या आत आम्ही भावंडं घड्या घालायला बसायचो. शेजारच्या मुली भातुकली खेळायच्या त्या वयात मला मागण्या पाठ होत्या.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी वेल्ह्याच्या रानातून नरक्याचं लाकूड टेम्पो भरभरून जायला लागलं. नरक्या म्हणजे घाण वासाचं झाड, सरपणालाही कुणी नेत नसे. त्यातून कॅन्सरवरचं औषध निघतं हे कळलं आणि बाबा पेटले. रान इथल्या लोकांचं, आणि औषध मात्र परक्यांचं, असं पत्रक त्यांनी काढलं. त्यात सदाफुलीचंही उदाहरण होतं: ‘जिच्यापासून कॅन्सरची इंजेक्शनं बनतात ती सदाफुली तुमच्या दारात फुकट फुलते आहे.’ भोरच्या एसटी स्टँडवर मी ते खड्या आवाजात वाचलं होतं. अजूनही त्या रागाची मला लाज वाटत नाही.

वर्षभरातच विंझरच्या आत्याच्या मुलीची मांडी दुखायला लागली. चौदा वर्षांची पोर, सदा उड्या मारणारी. मुका मार असेल म्हणून तेल चोळलं, शेक दिला. सूज वाढतच गेली. पुण्याला नेलं तेव्हा हाडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, आधी इंजेक्शनं, मग ऑपरेशन, मग पुन्हा इंजेक्शनं. पाय वाचेल, पोरही वाचेल, अशी आशा आहे. पण एकही फेरी चुकवायची नाही. चार औषधं एकत्र द्यायची होती, आणि त्यातलं एक खरोखरच सदाफुलीतून काढलेलं होतं. बाबांनी ते आत्याला धीर म्हणून सांगितलं. “आपल्या दारातलंच झाड आहे गं. घाबरू नकोस.”

आत्याचे मालक पानशेतला एका हॉटेलात आचारी होते, आठवड्यानं घरी यायचे. त्यामुळे फेरीच्या दिवशी आत्या आणि पोर वेल्ह्याच्या एसटीनं निघायच्या, आणि नसरापूर फाट्यावर बाबा आणि मी त्याच गाडीत चढायचो. पोरीचे केस गेले होते, डोक्यावर बापाची टोपी असायची. “ताई, उवांचा तरास तरी मिटला,” म्हणायची. त्या औषधानं पायांची बोटं बधिर व्हायची. “पायात मुंग्यांनी बिऱ्हाड केलंय बघ,” म्हणत ती पाय माझ्या मांडीवर टाकायची, आणि मी स्वारगेट येईपर्यंत ते चोळत बसायची.

एका फेरीला गाडी आली, पण खिडकीत टोपी नव्हती.

“त्या मायलेकी न्हाईत आज,” कंडक्टर म्हणाला. “म्या जरा थांबलो बी व्हतो विंझरला.”

मिळेल त्या जीपनं आम्ही विंझर गाठलं. पोर पडवीत भिंतीला टेकून बसली होती, चेहरा राखेसारखा. आत्या चुलीपाशी. पातेल्यात काळपट हिरवं पाणी उकळत होतं.

“आला का नाहीत?” बाबांनी विचारलं.

“न्हाई यायचं आता.” आत्यानं मान वर केली नाही. “थितं सुईतनं सदाफुलीच देत्यात ना? म्या हितं पातेल्यातनं देती. पोर वकायची न्हाई, केस बी येतील.”

“अगं, ते तसं नसतं.”

“दादा, तुमीच लिवलंय. तुमच्या पोरीनंच वाचून दावलं मला. फुकट फुलती म्हून. का ते खोटं व्हतं?”

 सभेत कुणाचं न ऐकणारे बाबा चुलीपाशी खाली बसले आणि हळू आवाजात बोलू लागले. पानांत पुष्कळ गोष्टी मिसळलेल्या असतात. काहींनी रक्तदाब उतरतो, काहींनी साखर उतरते. कॅन्सरवर चालणारं द्रव्य इतकं थोडं, की गाडीभर वाळक्या पानांतून चिमूटभरही निघायचं नाही. ते वेगळं काढून, शुद्ध करून, पोरीच्या वजनाप्रमाणे मोजून फक्त शिरेतूनच द्यायचं असतं. जास्त झालं तर तेच जीव घेतं. आणि एकट्यानं ते पुरत नाही, सोबतची औषधंही लागतात.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. “ऱ्हाऊ द्या दादा. सुई टोचताना पोर माजा हात धरती, तुमचा न्हाई.”

आणि ती पळीनं काढा ढवळू लागली. 

तेवढ्यात पडवीतून आवाज आला. “आये, करांदं उकडतीस तवा पानी कुठं टाकतीस?”

करांदे म्हणजे रानातले कडू कंद. राख घालून उकडायचे, कडू पाणी ओतून द्यायचं, मगच खायचे.

“उकिरड्यावर. दुसरं कुठं? जहर असतंय ते.”

“आन मला सदाफुलीचं समदंच पाजतीस व्हय? जहर बी, औषीद बी? सकाळधरनं काजवं दिसत्यात डोळ्याम्होरं. उठलं की घर फिरतंय.”

आत्या ताडकन उठली. “मंग बोलली का न्हाईस, भवाने?”

“तू लई मायेनं करत व्हतीस.”

 आत्यानं पातेलं उचललं, परसात नेऊन उपडं केलं आणि राखेनं खसाखसा घासत बसली. पोरीकडे पाठ करून. घासून झाल्यावर म्हणाली, “दादा, आता कुठली गाडी हाय?”

हॉस्पिटलात आत्यानं तोंडाला पदर लावूनच सगळं सांगितलं. डॉक्टर चिडले नाहीत. किती पानं, किती वेळा, शेवटचं कधी, एवढंच विचारलं. रक्त तपासलं, रक्तदाब बघितला, पोरीला दोन दिवस ठेवून घेतलं आणि मग इंजेक्शन दिलं. “सांगितलंत ते फार बरं केलंत,” ते आत्याला म्हणाले. “मला माहीत नसतं तर आजच सुई दिली असती, आणि हिला ती झेपली नसती.”

भोरला आल्यावर बाबांनी नवं पत्रक लिहिलं: आमचं वाक्य खरं होतं, पण अर्धं होतं. प्रेसवाले चाचा चष्मा वर करून म्हणाले, “साहेब, आज खुद्द तुमच्याच विरोधात?” आणि कागदाचे पैसे घ्यायला नाही म्हणाले.

पोर वाचली. मांडीत लोखंड आहे, एका पायानं लंगडते. चढउतारावर माझा दंड धरते आणि वर मलाच सांगते, “सावकाश चाल, ताई.” तिच्या शेजारच्या खाटांवरची सगळी मुलं वाचली नाहीत. म्हणून, हळदीत किंवा आणखी कुठल्या झाडात हाडाच्या कॅन्सरवर औषध सापडण्याची शक्यता आहे, अशी बातमी आली की मी ती मन लावून वाचते. शोध लागले पाहिजेत, आणि ज्यांच्या रानातून झाड गेलं त्यांनाही त्याचा वाटा मिळाला पाहिजे. या मागणीवरून मी तसूभर हटलेले नाही. पण प्रयोगशाळेत काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी मेल्या म्हणजे माणूस बरा झाला असं नाही. मधे कित्येक वर्षांचं काम असतं.

म्हणून तुम्हाला एकच मागते. घरात कुणाला कॅन्सरची औषधं चालू असतील आणि सोबत काढा, चूर्ण, रस असं काही देत असाल, तर ती पुडी, ती बाटली पुढच्या फेरीला पिशवीत घाला आणि इंजेक्शन लागायच्या आधी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. ते ओरडले तरी ठेवा.