केसांवर भांडी

माझ्या तोंडाला कुलूप नाही, असं माहेरी सगळे म्हणायचे आणि मला ते कौतुकच वाटायचं. मी घरी ब्लाउज शिवते. नवरा मोटरसायकलनं वरठीला कामाला जातो, सासू शेळ्या आणि माझी लहान पोर पाहते आणि दुपारी माझ्या मशीनभोवती चार बाया बसलेल्या असतात. हात शिवतात, तोंड करमणूक करतं, असा माझा धंदा.

मागच्या उन्हाळ्यात एकदा दूध फाटलं. त्याच दिवशी सासूशी माझं वाजलं होतं, कारण तिला प्रत्येक गंजावरचं, म्हणजे पातेल्यावरचं, झाकण उचलून आत पाहायची सवय. मी मशीन चालवता चालवता बायांना म्हटलं, "आमच्या बुढीनं नुसतं पाहिलं का दूध फाटते." सगळ्या हसल्या. शेजारीण तर डोळे पुसून पुसून हसली. मी ते विसरूनही गेले.

सासूची दुसरी सवय केस जमवायची. आमच्या गावात दर दोन-तीन महिन्यांनी एक बाई केसांवर भांडी द्यायला येते. विंचरताना गळलेले केस तिला द्यायचे, ती वाटी, डबा, जे बसेल ते देते. सासूला झाकणाचा स्टीलचा गंज हवा होता. तेवढ्यासाठी ती स्वतःचे पांढरे, माझे, इतकंच काय शेजारच्या अंगणातून उडत आलेले केससुद्धा बोटाला गुंडाळून प्लॅस्टिकच्या पन्नीत भरायची आणि ती पन्नी गोठ्याच्या भिंतीतल्या भोकात ठेवायची. मला किळस यायची.

"दुसऱ्याच्या दारचं कायले उचलता?" मी म्हणायची.

"फेकूनच तं देतेत ते. गंज आला का तूच भात मांडशीन त्याच्यात," ती म्हणायची.

पावसाळ्यात शेजारणीच्या दहावीतल्या मुलीला टायफाइड झाला. पंधरा दिवसांनी ती भंडाऱ्याच्या दवाखान्यातून बरी होऊन घरी आली. मग दीडेक महिन्यानं तिचे केस मूठमूठ गळायला लागले. कमरेपर्यंतची वेणी बोटाएवढी झाली. त्याच दिवसांत शेजारीण हरवलेली कोंबडी शोधत आमच्या गोठ्यात आली आणि ती पन्नी तिच्या हाती लागली. पोरीच्या केसांना मेंदीची लाल झाक होती. आईला ते ओळखायला कितीसा वेळ लागणार?

संध्याकाळपर्यंत 'करणी' हा शब्द गावभर झाला. दुसऱ्या दिवशी माझ्या मशीनभोवती कोणी नव्हतं. एक बाई अर्धवट शिवलेलं ब्लाउज परत मागायला आली, तेही फाटकाबाहेर उभी राहून. सासू शेळ्या घेऊन निघाली की लोक लेकरांना घरात ओढायचे. मग शेजारणीच्या दिरानं निरोप पाठवला, रविवारी बुढीला एका बाबाकडे न्यायचं, खरं-खोटं तोच सांगेल.

"जाऊन येऊ एकदाचं," नवरा म्हणाला. "विषय संपून जाईन."

मला माहीत होतं, तिथे नेलं की विषय संपत नाही, सुरू होतो. अशा म्हाताऱ्यांचं पुढे काय होतं ते मी वर्तमानपत्रात वाचलं होतं आणि वाचून पान उलटलं होतं. आता फाटकाची कडी वाजली की मी आधी सासू घरात आहे ना ते पाहायची. सासू मात्र एकच विचारायची, "म्या केलं तरी काय?"

रविवारी सकाळी शेजारणीच्या अंगणात वीस-पंचवीस माणसं जमली. रस्त्यावर जीप उभी होती. सासूचा हात धरून मी तिथे गेले, नवरा मागून आला. मी जादूटोणाविरोधी कायद्याचं बोलले, टायफाइडचं बोलले. शेजारणीनं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडेच बोट दाखवलं.

"तुमीनंच तं सांगतलं, वहिनी. बुढीच्या नजरेनं दूध फाटते म्हणून. घरची सून खोटं बोलन काय?"

बाकीच्या बायांनी हो म्हणत माना डोलावल्या. सासूनं माझ्याकडे पाहिलं. तिला हे ठाऊक नव्हतं.

"मजाकमधी बोलली मी," मी म्हटलं. "आदल्या दिवशी त्या गंजात ताक होतं. मी तो न धुता त्याच्यातच दूध तापवलं. आळस माझा, नाव बुढीचं घेतलं."

आपला गंज खरकटा होता हे चारचौघांत सांगताना मला घाम फुटला. मग मी शेजारणीच्या हातातली ती पन्नी घेऊन जमिनीवर उपडी केली. "पाहा. याच्यात माझे केस हायेत, बुढीचे पांढरे हायेत. तिनं स्वतःवरबी करणी केली काय? तिले गंज पाहिजे होता. केसांवर भांडी तुम्हीबी घेता. आता जीप निघाली का मी पोलिसाले फोन लावते."

डोक्याला रुमाल बांधलेली मुलगी दारातून हळूच म्हणाली, "डॉक्टर म्हणे ना आई, टायफाइडनंतर केस गळते, मंग परत येते." आई तिच्यावर खेकसली. पण लोक एकेक करून पांगले आणि जीप रिकामी गेली. माफी कोणी मागितली नाही.

घरी येऊन सासूनं तिथून उचलून आणलेले सगळे केस चुलीत टाकले. तो वास दोन दिवस घरात होता. "मले तोंडावर म्हटलं असतं तं चाललं असतं," एवढंच ती मला म्हणाली. मला रडू आलं, पण तिच्यासमोर रडायचं तोंडही राहिलं नव्हतं.

थंडीत त्या मुलीच्या डोक्यावर बारीक केस आले. बाया परत माझ्याकडे येऊन बसतात, शेजारीणसुद्धा. सासू मात्र आता कुठल्याच गंजावरचं झाकण उचलत नाही. मी मुद्दाम उघडे ठेवते, ती तोंड फिरवून जाते.

परवा माझ्या चार वर्षांच्या मुलीला सणकून ताप आला. आजीच्या नावानं ती रडत होती. सासू दारातच थांबली, भिंतीकडे तोंड करून.

"तूच बस तिच्यापाशी. मी नाही पाहत तिच्याकडे."

आणि अंगणात पंचवीस जणांशी भांडलेल्या मला त्या क्षणी, क्षणभरच, ती पोरीकडे पाहत नाही याचं बरं वाटलं. मग स्वतःचीच भीती वाटली. मी उठले, सासूचा हात धरून तिला आणलं आणि पोरीला तिच्या मांडीवर दिलं. तिनं पोरीच्या कपाळावर हात ठेवला, पण डोळे घट्ट मिटून घेतले होते.