बर्फावरची निळी रेघ

आमच्या ह्यांना स्वयंपाकघरातून बाहेरच्या दारापर्यंत चालत जाता येत नसे, पण सायकल चालवता येत असे. हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलं आहे की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटणार ते मला आधीच कळतं. आधी हसू, मग संशय. समोरच्या घरातल्या म्हातारीने तर एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, की तुझा नवरा घरातली कामं टाळायला सोंग तर करत नाही ना? मी म्हटलं, आजारी पडायच्या आधीही यांनी कधी घरात काडी हलवली नाही, मग सोंग कशाला करतील!

आजाराचं नाव पार्किन्सन्स. मराठीत त्याला कंपवात म्हणतात, पण यांना कंप फारसा नव्हताच. यांचे पाय थिजायचे. चहाचा कप ठेवून उठायचे, दोन-तीन पावलं टाकायचे आणि स्वयंपाकघराच्या चौकटीत येऊन उभे. डोकं म्हणतंय चल, पाय ऐकत नाहीत. मागून मी धरलेलं, पुढे दार सताड उघडं, आणि आम्ही दोघं त्या चौकटीत अडकलेलो. तेच यांना सायकलवर बसवून एक हलका धक्का दिला की निघाले. पाठ ताठ, पाय गोल गोल, वळणावर हात बाहेर काढून इशारासुद्धा. एडिनबराच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, की चालणं आणि पेडल मारणं यांच्या मेंदूतल्या वाटा वेगळ्या असाव्यात, आणि यांची एक वाट अजून शाबूत आहे. किती दिवस राहील, असं मी विचारलं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाल्या, "मेक द मोस्ट ऑफ धिस विंटर." डॉक्टर इतकं सरळ बोलले की समजावं, आशा ठेवण्यात अर्थ नाही. मी ठेवलीही नाही. मला तेवढा एकच हिवाळा हवा होता. सायकल आहे तोवर हे घराबाहेर जाणार, आणि ती सुटली की खुर्ची, खिडकी आणि मी.

आमचं गाव स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. एक बंदर, एक लांबलचक रस्ता आणि समुद्राकडे पाठ करून उभी असलेली दगडी घरं. बर्फ इथे डोंगरातल्यासारखा मुक्कामाला येत नाही. समुद्रावरून एखादी सर येते, बघता बघता सगळं पांढरं करते, दुपारी त्यातला अर्धा वितळतो आणि संध्याकाळी उरलेल्याची काच होते. हे इथल्या शाळेत फिजिक्स शिकवायचे आणि निवृत्त होईपर्यंत सायकलनेच गेले, हिवाळ्यातसुद्धा. याच थंडीत जन्मलेले यांचे सहकारी मोटारीची काच खरवडत उभे असायचे आणि पुण्याहून आलेला हा गृहस्थ कानटोपी घालून त्यांच्यासमोरून घंटी वाजवत जायचा. त्याचा यांना केवढा माज! मी म्हणायचे, मरायचंच असेल तर उन्हाळ्यात मरा, निदान पाहुण्यांची सोय होईल.

मलाही बर्फात सायकल यांनीच शिकवली. शिकवण्याची पद्धत शाळेतलीच, म्हणजे आधी भाषण. पण नियम एकच. पुढचा ब्रेक दाबायचा नाही. "बर्फात पुढचा ब्रेक दाबलास की गेलीस," असं दर हिवाळ्यात पहिल्या बर्फाला हे मला ऐकवायचे, जणू मागच्या वर्षीचं मी विसरलेच असणार.

त्या हिवाळ्यात आमचा नेम ठरून गेला होता. सकाळची गोळी अंगात भिनली की निघायचं. यांच्यासाठी आम्ही आडवा दांडा नसलेली सायकल घेतली होती, म्हणजे पाय फार उचलावा लागू नये. "लेडीज सायकल," असं म्हणून हे आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते. टायर मात्र खिळेवाले, यांच्या आवडीचे. रबरात बारीक बारीक लोखंडी टोकं बसवलेली असतात आणि ती बर्फावर कुरकुरत चालतात. पुढे हे, मागे मी. बंदराच्या कडेने, मग जुन्या रेल्वेच्या जागी झालेल्या सायकलच्या वाटेने, मग बेकरी. मागे राहून माझं सगळं लक्ष यांच्या मागच्या चाकावर. ते जरा जरी सरकलं की मी मागून "हळू!" म्हणून ओरडायचे. आणि तरी सांगते, दिवसातला तेवढाच वेळ मी नवऱ्याच्या मागे जायचे. बाकीचा वेळ एका आजाराच्या मागे.

बेकरीपाशी हे उतरायचे नाहीत. उतरले की संपलं, परत हलायचे नाहीत. एक पाय फुटपाथच्या कडेला टेकून, सीटवर बसल्या बसल्याच घंटी वाजवायचे. मग बेकरीतली बाई गिऱ्हाईकांची रांग तशीच सोडून, गरम रोलची पिशवी घेऊन बाहेर यायची आणि यांच्या हँडलला अडकवायची. "युअर मॅजेस्टी," म्हणायची. हे मान तुकवायचे. घरी येऊन मी चहा टाकायचे आणि साखळीवरचं मीठ पुसायचे. कौन्सिलची गाडी रस्त्यावर मीठ टाकून जाते आणि ते मीठ साखळी खाऊन टाकतं. पूर्वी हे काम यांचं होतं. आता हे खुर्चीतून, कुठे राहिलं ते बोट दाखवून सांगायचे.

अडचण सायकलची नव्हतीच. अडचण होती दारापासून सायकलपर्यंत जाण्याची.

फिजिओथेरपीच्या मुलीने उपाय सांगितला, जमिनीवर आडव्या पट्ट्या चिकटवा. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय उचलला जातो म्हणे. तिने स्वतः गुडघ्यांवर बसून पिवळ्या पट्ट्या लावून दिल्या. हे पट्टीपाशी येऊन उभे राहायचे आणि तिच्याकडे बघत बसायचे. पोरगी बिचारी "स्टेप ओव्हर, स्टेप ओव्हर" करत थकली. शेवटी हेच तिला म्हणाले, "इट इज ओन्ली टेप." मी हात टेकले.

मग दिवाळी आली. माझी दिवाळी म्हणजे चार चकल्या आणि पायरीवर रांगोळीच्या दोन रेघा, कारण ओल्या दगडावर यापेक्षा जास्त काही उमटत नाही. त्या सकाळी यांना धरून दारापर्यंत आणलं, हे चौकटीत थिजले, खाली बघितलं, आणि पाय उचलला. चांगला गुडघ्यापासून वर. रांगोळी ओलांडून पलीकडे टाकला. मग दुसराही. मी बघतच राहिले. यांच्या आईने लहानपणी रांगोळीवर पाय पडला म्हणून यांच्या मांडीला किती चिमटे काढले होते ते मला माहीत होतं. सासूबाई ते कौतुकाने सांगायच्या. डॉक्टरांच्या गोळ्यांना जे जमलं नाही, ते त्या चिमट्यांनी केलं. रांगोळीवर पाय द्यायचा नाही हे डोक्यात नव्हे, यांच्या पायातच बसलं होतं.

तेव्हापासून रोज सकाळी मी रेघा काढायला लागले. स्वयंपाकघराच्या चौकटीत एक, पुढे लाकडी फरशीवर दर पावलाला एक, दारात एक, पायरीवर एक, आणि अंगणातल्या फरसबंदीवर थेट सायकलच्या शेडपर्यंत. संध्याकाळी हूव्हरने, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनरने, ती सगळी ओढून घ्यायची. जन्मात कधी एवढी रांगोळी काढली नव्हती. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, आता सुचलं का!

पहिला बर्फ पडला तेव्हा माझी फजिती झाली. पांढऱ्यावर पांढरी रांगोळी दिसणार कशी? मी हळदीचा डबा आणला आणि हळदीने पिवळ्या रेघा ओढल्या. समोरची म्हातारी खिडकीतून बघत होती. दुपारी तिने येऊन अगदी हळुवारपणे विचारलं, की तुम्ही कुत्रा पाळलाय का. मग आमच्या मुलीने लीड्सहून रंगीत रांगोळी पाठवली. तिच्यातला निळा रंग बर्फावर असा उठून दिसायचा की रस्त्यावरून जाणारे लोक थांबून बघायचे. हे एकेक रेघ ओलांडत सायकलपर्यंत जायचे, अगदी पाण्यातला बगळा जसा पाय उचलून चालतो तसे.

ख्रिसमसला मुलगी आली. ती इथेच जन्मलेली, लीड्सच्या हॉस्पिटलात नोकरी करते, आणि हॉस्पिटलात काम करणाऱ्या माणसाला सगळीकडे फक्त मोडलेली हाडं दिसतात.

"आई, बाबांचा सायकल आता बंद कर. बर्फामध्ये? आर यू सीरियस? ही विल ब्रेक अ हिप, आणि मग काय?"

"मग हिप नवीन बसवतात," मी म्हटलं. "सायकल बंद केल्यावर काय नवीन बसवतात ते तू सांग."

"यू आर नॉट लिसनिंग. तू एकटी आहेस इथे. बाबा पडला तर तू कसा उचलणार?"

"अजून तरी मी एकटी नाहीये," मी म्हटलं.

ती चिडून बूट घालून बाहेर निघाली आणि दारातल्या रेघेवरून तशीच पाय घासत गेली. आणि मागून यांचा आवाज आला. महिनोन्‌महिने यांचा आवाज कुजबुजण्याएवढाच उरला होता, वाटीतल्या आमटीला मीठ हवं की नको हेसुद्धा मला कान जवळ नेऊन ऐकावं लागायचं. तो आवाज एकदम शाळेच्या वर्गातला निघाला. "अगं, रांगोळीवर पाय!"

मुलगी दचकून जागच्या जागी थांबली. "सॉरी बाबा," म्हणाली. मग परत आली, वाकून बोटाने ती रेघ नीट करायला लागली आणि रडायला लागली. सायकलचा विषय तिने पुन्हा काढला नाही. जाताना मला एवढंच म्हणाली, "आई, तू पण हेल्मेट घाल." मला वाटलं, मी जिंकले. कशात जिंकले कोण जाणे.

जानेवारीत गोळ्यांचा अंमल लवकर उतरायला लागला. एकदा बंदरापाशी हे मध्येच पाय टेकवून थांबले आणि मला म्हणाले, "आई तिकडे का उभी आहे? वारा लागेल तिला." तिकडे नुसते दोर आणि खेकड्यांच्या जाळ्यांचे ढीग होते. मी म्हटलं, त्यांनी शाल घेतलीय, चला. हे पुन्हा पेडल मारायला लागले. एकदा बेकरीपाशी घंटी वाजवायची राहूनच गेली; हे नुसते पाय टेकून समोर बघत होते, म्हणून मी माझी वाजवली. या गोष्टी मी मुलीला सांगितल्या नाहीत आणि डॉक्टरीणबाईंनाही नाही. सांगून काय बदलणार होतं? मला रोज सकाळी वाटायचं, आजचा दिवस निघाला. एवढंच. याला कुणी आशा म्हणत असेल तर म्हणू दे.

फेब्रुवारीत एका सकाळी पुन्हा बर्फ पडला, भुसभुशीत, स्वच्छ. वारा अजिबात नव्हता. सायकलला इतका चांगला बर्फ सगळ्या हिवाळ्यात पडला नव्हता. मी रेघा काढल्या, दोन्ही सायकली बाहेर काढून शेडच्या भिंतीला लावल्या, यांना कानटोपी घातली, आणि मागून धरून दाराशी आणलं.

हे थांबलेच नाहीत. चौकटीत नाहीत, पायरीवर नाहीत. भराभर, बारीक बारीक पावलं टाकत थेट सायकलपर्यंत गेले. माझा हात सुटला, मी मागेच राहिले आणि माझा आनंद गगनात मावेना. चालले! स्वतः चालले! मग मी खाली बघितलं. दारापासून शेडपर्यंत एकही रेघ शिल्लक नव्हती. सगळा निळा रंग बर्फात फासला गेला होता आणि त्याच्या मधोमध यांच्या बुटांचे दोन चर ओढलेले होते. यांना कळलंही नव्हतं. तिथेच मला समजलं, रांगोळीवर पाय द्यायचा नाही हे आता यांच्या पायांतूनही गेलं होतं.

तरी मी गेले. सायकल धरली आणि म्हटलं, "टाका पाय."

यांनी पाय टाकला नाही. सायकल मात्र नीट निरखून बघितली. घंटीवरून अंगठा फिरवला, वाकून साखळी बघितली, टायरच्या खिळ्यांना हात लावला. चेहऱ्यावर किती समाधान होतं.

"छान ठेवलीय," हे म्हणाले. "साखळीवर मीठ अजिबात नाही. तुमची का?"

मी हो म्हटलं.

"मग निघा तुम्ही. उशीर होईल," हे म्हणाले आणि मला जागा द्यायला भिंतीला टेकून बाजूला सरकले. "पण जपून हं, बाई. बर्फात पुढचा ब्रेक दाबायचा नाही, एवढं लक्षात ठेवा."

"ठेवते," मी म्हटलं.

यांनी मान तुकवली आणि मी निघण्याची वाट बघत, हात वर करून उभे राहिले.