डागाभोवतीचं हिरवं

अळूची पानं करपवणाऱ्या एका जिवावर मी कोलकात्यात पीएचडी करत होते. दिसायला तो बुरशी, पण खरा शेवाळाचा लांबचा नातलग. त्याचे दोन गट असतात. दोन्ही शेजारी वाढले तरच मीलन होऊन जाड कवचाचे बीजाणू तयार होतात. त्या वेळी कोणती जनुकं जागी होतात, हे मला शोधायचं होतं, आणि माझ्याकडे होता एकच गट! नवरदेव तयार, नवरीचा पत्ता नाही, अशी घरी थट्टा चालायची. मुदत संपत आली होती आणि मला हसू येत नव्हतं.

शेवटचा प्रयत्न म्हणून कोलकात्याजवळच्या बजबजला गेले. तळ्याकाठी अळू लावणाऱ्या एका मासिमांनी, म्हणजे बंगाली मावशींनी, डागाळलेली पानं खुडून दिली. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळा बंद, म्हणून पुडकं घरच्या फ्रिजमध्ये ठेवलं.

बंगाली घरात ते सुखरूप राहिलं असतं, पण आमचं घर मराठी. बाबांची बँकेतून इथे बदली झाल्यापासून आईची एकच तक्रार, वडीजोगी पानं मिळत नाहीत. मी अंघोळ करून येते तो वड्यांचे उंडे उकडायला लागलेले! मी किंचाळलेच.

"अगं, डाग काढलेत सगळे, चांगले बोटभर सोडून," आई म्हणाली.

"कुठेत ते?"

"कचऱ्यात."

मी डबा फरशीवर उपडा केला. आईचा हात सढळ, प्रत्येक डागाभोवती हिरवी कड होती. हा जीव जिवंत सापडतो तो नेमका त्या कडेला. चहाच्या चोथ्यातून एकेक तुकडा आईनं माझ्याबरोबर बसून वेचला. तिचे उपकार मी विसरणार नाही.

त्यातच दुसरा गट निघाला. दोघांना शेजारी, अंधारात वाढवलं आणि बीजाणू धरले. एकटेपणी गप्प असलेली कितीतरी जनुकं जोडीनं वाढताना बोलू लागली होती.

पेढे आणायला निघालेली आई दारात थांबली. "हे बीजाणू टिकतात किती?"

"मातीत वर्षानुवर्षं."

"मग त्या मासिमांच्या मातीत?"

रविवारी आम्ही दोघी सियालदहहून बजबज लोकलनं गेलो. तिथे दोन्ही गट भेटले तर रोग हटणार नाही, डागाळलेली पानं दिलीत तो वाफा उपटून जाळा, असं मी सांगितलं.  मासिमा आईचा हात धरून म्हणाल्या, "भालो कोरेछो." म्हणजे बरं केलंत. पानं नेणारे पुष्कळ येतात, सांगायला परत कुणी येत नाही म्हणे.

मला रडू आवरलं नाही. ज्या वाफ्यानं मला पदवी दिली, तो त्या आमच्यादेखत उपटत होत्या, आणि आभार आमचे मानत होत्या.